शिंगवाल्या चेईंचं जेवण

आम्हा दिने लोकांच्या बोलीत आईच्या वडलांना चेई म्हणतात. बाहेरचे आम्हाला नवाहो म्हणतात, ते राहू दे. गंमत अशी, की मुंग्यांच्या वारुळाशी दबा धरून बसणारा, भाकरीसारखा चपटा, डोक्यावर शिंगं आणि अंगभर काटे मिरवणारा जो सरडा आमच्याकडे असतो, त्यालाही चेईच म्हणतात. तोही आजोबाच. त्याला 'अरे' करायचं नाही, 'अहो' म्हणायचं. त्यामुळे शांडीनच्या घरात सकाळी कुणी "चेई जेवले का?" असं विचारलं, की आधी "कुठले?" असं विचारावं लागायचं.

"शिंगवाले की साखरवाले?" शांडीनची आजी चुलीवरची नजर न काढता म्हणायची. आजीला सगळे मासानी म्हणत. साखरवाले म्हणजे तिचा नवरा, ज्यांच्या रक्तात इतकी साखर होती की, मासानीच्या मते, त्यांना नुसतं कॉफीत बुडवलं तरी कॉफी गोड झाली असती.

साखरवाले चेई पहाटेच उठायचे. होगनचं, म्हणजे आमच्या मातीच्या गोल घराचं, दार उगवतीकडे, दाराशी त्यांची खुर्ची, खुर्चीसमोर अंगण, आणि अंगणाच्या कडेला लाल मुंग्यांचं वारूळ. वारूळ म्हणजे बारीक खड्यांचा सपाट ढीग, भोवती मुंग्यांनी गवताची काडीही ठेवलेली नाही, जणू रोज झाडून घेतात. ऊन जरा तापलं की मुंग्या बाहेर पडायच्या, आणि त्यांच्या वाटेच्या कडेला, मातीच्याच रंगाचे होऊन, शिंगवाले चेई येऊन बसायचे. साखरवाले चेई काठी टेकत जायचे, त्यांना अलगद उचलून छातीशी धरायचे, चिमूटभर मक्याचा पराग त्यांच्या डोक्यावर घालायचे, "यातएह, शिचेई" म्हणायचे, म्हणजे 'बरं आहे ना, आजोबा'. मग होते तिथेच परत ठेवायचे. शिंगवाल्यांच्या अंगावरचं चिलखत आपल्यालाही राखतं, असं ते म्हणत. मग खुर्चीत बसून दोघं एकमेकांकडे बघत न्याहारी करायचे. हे निळ्या मक्याची लापशी खायचे, ते मुंग्या.

शांडीन हे लहानपणापासून बघत आलेली. पण बघत आलेली म्हणजे कशी, तर आपण घरातलं घड्याळ बघतो तशी. आहे ना भिंतीवर, झालं.

गेल्या वसंतात तिच्यात काहीतरी झालं होतं. आधी ही मुलगी वर्गात हजेरीलाही पुटपुटायची. पण विज्ञानाच्या तासाला तिनं वाळवंटातल्या सरड्यांवर बोलायचं कबूल केलं, आदल्या रात्री पोटात दुखलं म्हणून रडली, आणि सकाळी फळ्यासमोर उभी राहून असं काही धडाधड बोलली की मागच्या बाकावरचे पण जागे झाले. तक्त्यावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सरडे कीटक खातात.' खाली टोळ, नाकतोडा, भुंगा, अळी, मुंगी, सगळ्यांची रंगीत चित्रं. बाईंनी तक्ता वर्गात लावला तो काढलाच नाही. त्या दिवसापासून तिच्या तोंडाचं कुलूप जे हरवलं ते हरवलंच. ती डेलबर्टमामाला गाडी कशी चालवावी ते सांगू लागली, मासानीला भाकरी कशी उलटावी ते सांगू लागली.

"डॉक्टरीणबाई आल्या," मामा म्हणायचा. "आता मेंढ्यांना चरायचं कसं ते पण शिकवा."

"शिकवीन. त्या तुझ्यापेक्षा लवकर शिकतील."

उन्हाळ्याच्या शेवटाला साखरवाल्या चेईंच्या उजव्या पायाला जखम झाली आणि त्यांना ती कळलीच नाही. साखरेनं पायातली जाणीवच गेलेली. बुटात खडा शिरला होता, तो दिवसभर आत होता, आणि ते दिवसभर मेंढ्यांमागे फिरत होते. कळलं तेव्हा बोटं काळी पडली होती. शांडीनची आई त्यांना फ्लॅगस्टाफच्या इस्पितळात घेऊन गेली आणि तिथेच त्यांच्याजवळ राहिली. दोन बोटं काढावी लागली.

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर. तिथं उभं राहून शांडीननं आईचं ऐकलं. नर्स म्हणाली होती की घरी आल्यावर पाय जपा, धूळ नको, किडामुंगी नको, त्यांना चावलेलं कळणार नाही.

किडामुंगी नको. टेकाडावरून उतरताना शांडीनला समोर अंगण दिसलं, खुर्ची दिसली आणि खुर्चीपासून चार ढांगांवरचं ते वारूळ दिसलं. आपली लाल मुंगी चावते म्हणजे नुसती चावत नाही, संध्याकाळपर्यंत ठणकत राहते. आणि चेई तिथंच बसणार, पट्टी बांधलेला पाय पुढे सोडून. आणि लगेच, तिच्या सवयीप्रमाणे, तिला उपायही सुचला.

"मासानी, ते वारूळ घालवायला हवं."

मासानी लोकर विंचरत होती. तिचा हात थांबला. "मुंग्यांच्या वाटेला जाऊ नये."

"पण चेईंचा पाय..."

"त्यांचं घर मोडलं की त्या आपल्या पोटात शिरतात. माझ्या मावशीच्या शिरल्या होत्या. मोठा विधी करावा लागला."

"मासानी, नर्सनं स्वतः सांगितलंय. मुंगी नको म्हणाली."

नर्सनं मुंग्यांचं वारूळ मोडा असं काही सांगितलं नव्हतं. पण शांडीनच्या तोंडून ते असं ठाम निघालं, की तिलाही वाटलं, सांगितलंच असेल.

मासानीनं लोकर पुन्हा हातात घेतली. "चेईंना विचार आधी. वारूळ त्यांच्या समोरचं आहे."

"त्यांना कशाला त्रास? येतील तेव्हा अंगण बघून खूश होतील."

मासानी लोकर विंचरत राहिली. आमच्याकडे म्हातारी माणसं एकदा सांगतात, दुसऱ्यांदा सांगत नाहीत. आणि शांडीनला वाटलं, आपलं पटलं.

शिंगवाल्या चेईंचा विचार तिनं केला नव्हता असं मात्र नाही. उलट आधी त्यांचाच केला. विषाशी त्यांचा संबंध यायला नको म्हणून तिनं डेलबर्टमामाच्या अंगणातली काचेची जुनी मासे ठेवायची पेटी आणली, घासून पुसून तळाला वाळू पसरली, सावलीला एक चपटा दगड ठेवला, बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलं. एका सकाळी शिंगवाले बसले होते तिथून तिनं त्यांना उचललं. चेई धरायचे तसंच छातीशी धरलं, "यातएह, शिचेई" म्हटलं, आणि खाली ठेवायच्या ऐवजी पेटीत ठेवलं.

"चारच दिवस हं," ती म्हणाली. "पाहुणचार करते तुमचा."

मामा बरणी घेऊन आला. आत मुंग्या मारायच्या विषाचे पिवळसर दाणे. "ह्याची खुबी म्हणजे," तो म्हणाला, "आपण काहीच करायचं नाही. पसरायचं आणि बसायचं. ती मंडळी स्वतःच उचलून आत नेतात. खाणं समजून."

तसंच झालं. दोघं उकिडवे बसून बघत राहिले. मुंग्या आल्या, दाण्यांना मिशा लावल्या, उचलले आणि ओळीनं घरात नेले. कामसू बायका बाजारातून पिशव्या घेऊन निघाल्यासारख्या. शांडीनला हसू आलं. मामानं उरलेले दाणे मेंढवाड्याकडे, लाकडाच्या ढिगाकडे, जिथं म्हणून वारूळ होतं तिथं सढळ हातानं फेकले.

"तिकडं कशाला?"

"आता बरणी काय, म्हातारपणासाठी ठेवू?"

काही दिवसांनी अंगण शांत झालं. वारुळाच्या तोंडाशी वारा खडे हलवायचा, तेवढीच काय ती हालचाल.

पाहुणचार सुरू झाला तो थाटात. मामा पेज नावाच्या गावी गेला होता, तिथल्या गळाच्या दुकानातून मासे पकडायला वापरतात त्या पिठातल्या अळ्या शांडीननं मागवल्या होत्या. गुबगुबीत, पिवळ्या, एकेक अळी म्हणजे दहा मुंग्यांचा ऐवज. तिनं दोन अळ्या शिंगवाल्यांच्या नाकासमोर सोडल्या. शिंगवाल्यांनी मान तिरपी केली. शांडीन पुढे वाकली. मान सरळ झाली. अळी त्यांच्या पुढच्या पायावरून चालत गेली, तरी त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं गवतातून टोळ धरून आणला. टोळ उडाला आणि थेट शिंगांवर जाऊन बसला. शिंगवाल्यांनी डोळे मिटून घेतले, एखाद्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर नातवानं टोपी उलटी ठेवल्यासारखे. तिनं भुंगा दिला. माशी दिली, पंख तोडून. लाकडाखालच्या बारीक काळ्या मुंग्या आणल्या. एकदा त्यांनी अळी जिभेनं ओढली, शांडीन टाळी वाजवणार एवढ्यात ती तोंडातून बाहेर आली आणि वाळूत वळवळू लागली.

"खा ना हो," ती म्हणाली. "कीटकच आहे ना?"

मासानी दारातून बघत होती. "घरचे रुसलेत," एवढंच म्हणाली.

टेकाडावर जाऊन शांडीननं फोन लावला.

"चेई खातात का काही?"

"नाही गं," आई थकलेली होती. "तोंड फिरवून बसलेत. ट्रे येतो तसाच परत जातो."

"माझ्याकडचेही."

"तुझ्याकडचे कोण?"

"कुणी नाही. दे ना चेईंना."

चेईंचा आवाज बारीक झाला होता, पण कुरकुर तीच. "इथं सगळ्यांना वाटतं खाणं म्हणजे खाणं. सकाळी पांढरा गोळा, दुपारी पिवळा गोळा, रात्री एक हिरवा, तो तर ताटात थरथरतो. मी विचारलं, ह्याला थंडी वाजतेय का? तर त्या पोरीला हसूच येईना."

"मासानी मटण घेऊन येऊ का म्हणतेय."

"मीठ नको म्हणतात. मीठ नाही, तर मटण कसलं." मग हळूच म्हणाले, "शिंगवाल्यांना माझा नमस्कार सांगतेस ना?"

"रोज सांगते."

"असतात ना वारुळाशी?"

"हो," शांडीन म्हणाली. "असतात ना."

टेकाड उतरून ती घरी आली. पेटीपाशी येऊन ती गुडघ्यांवर बसली. शिंगवाले आता बसून नव्हते, पसरले होते. दोन्ही कुशींना कातडी सैल पडली होती, मागच्या पायांजवळची हाडं वर आली होती. वाळूत एका कोपऱ्यात त्यांची जुनी विष्ठा होती, पहिल्या दिवसाची, वाळून कडक झालेली, राजम्याच्या दाण्याएवढी. का कुणास ठाऊक, तिनं ती झाकणातल्या पाण्यात घातली आणि काडीनं फोडली.

आत माती नव्हती, टोळाचा पाय नव्हता, भुंग्याचं कवच नव्हतं. नुसती डोकी होती. लाल, चकचकीत, मोठमोठ्या मुंग्यांची डोकी, एकावर एक दाबून भरलेली. दुसरं काही नाही म्हणजे काहीच नाही.

तक्त्यावरची चित्रं तिच्या डोळ्यांसमोर आली, टोळ, नाकतोडा, भुंगा, अळी, मुंगी. मुंगी तिनं सगळ्यात शेवटी काढली होती, जागा उरली म्हणून, आणि ती पण काळी.

मग ती उठली, काचेची बरणी घेतली, मासानीचा लांब दांड्याचा चमचा घेतला आणि धावत सुटली. अंगणातलं वारूळ मेलं होतं. मेंढवाड्याजवळचं मेलं होतं. लाकडाच्या ढिगाजवळचं मेलं होतं. मामाचा हात सढळ होता. शेवटी कोरडा ओढा ओलांडून पवनचक्कीच्या खाली तिला एक जिवंत वारूळ सापडलं. तिनं चमच्यानं उकरलं. मुंग्या बाहेर आल्या त्या एकदम, बुटावरून, मोज्यावरून, हाताच्या बाहीतून. ती नाचत, ओरडत बरणी भरत राहिली, झाकण लावलं आणि सुजलेल्या हातांनी घरी आली.

पेटीत तिनं बरणी आडवी केली. मुंग्या काचेच्या कडेनं पळू लागल्या.

शिंगवाल्यांची मान तिरपी झाली. मग पूर्ण अंग पोटावरून उचललं गेलं, पुढच्या पायांवर, जेवायला बसताना माणूस बाह्या सारतो तसं. एक मुंगी समोरून गेली. जीभ कधी बाहेर आली ते दिसलंच नाही, मुंगी फक्त नाहीशी झाली. चावणं नाही, चघळणं नाही. डोळे मिटले, गिळली, डोळे उघडले. दुसरी. तिसरी. अंगावर चढणारीकडे लक्ष द्यायचं नाही, कडेनं आपल्या कामाला निघालेली टिपायची. चार मुंग्या एकदम पायाला लागल्या की दोन पावलं मागं सरकायचं, थांबायचं, पुन्हा मान तिरपी. ह्या सगळ्याला एक पद्धत होती, एक ऐट होती. चेई खुर्चीतून रोज हेच बघत होते, आणि ती रोज त्यांच्या मागून दप्तर घेऊन बसकडे पळत होती.

"मासानी, खाल्लं त्यांनी! बघ ना, खातायत."

मासानी आली. तिनं पेटीत पाहिलं, मग शांडीनच्या हातांकडे पाहिलं, कोपरापर्यंत लाल फुगलेल्या. ओली माती आणून लेपली.

"उद्या पुन्हा आणणार?"

"हो."

"परवा?"

"चेई येईपर्यंत. शुक्रवारी सोडतायत म्हणे."

"त्यांना दिवसाला मूठभर लागतात. तू रोज तेच घर उकरणार. एक घर मारलंस, दुसरं उपसणार."

शांडीननं दोन दिवस तसंच केलं. तिसऱ्या दिवशी पवनचक्कीखालच्या मुंग्यांनी तोंड बंद करून घेतलं, खड्यांनी आतून लिंपल्यासारखं, आणि ती रिकामी बरणी घेऊन परत आली. आणि शुक्रवारी टेकाडावर आईचा फोन आला की जखम ओली आहे, अजून आठवडाभर ठेवणार.

तिची फक्त एकच इच्छा होती. चेई परत येतील, दाराशी बसतील आणि समोर शिंगवाले असतील. बाकी तिला काही नको होतं. पण समोर वारूळ नव्हतं, आणि पेटीत सैल कातडीचा एक म्हातारा पुन्हा पसरला होता.

"सोडून ये," मासानी म्हणाली. ह्या वेळी तिनं दुसऱ्यांदाही सांगितलं. "सोडून ये, पोरी."

"कुठं?"

"जिथं मुंग्या आहेत तिथं. आता काय, ज्यांचं घर उकरलंस, त्यांच्याच दारात पाहुणा नेऊन ठेवायचा. चालतील पाय तर शोधतील दुसरं."

ऊन चढत होतं. शांडीननं त्यांना छातीशी धरून ओढा ओलांडला. पवनचक्कीखाली वारुळाला एक बारीक भोक पडलं होतं, आणि दोनचार मुंग्या बिचकत बाहेर येत होत्या. तिनं शिंगवाल्यांना वाटेच्या कडेला ठेवलं. पराग आणायला ती विसरली होती. त्यांनी मान तिरपी केली नाही. ते तसेच बसले, तिच्याकडे पाठ करून.

ती वळली आणि चालू लागली. मागं पाहिलं नाही.

चेई घरी आले ते सप्टेंबरात, हाडं झालेले, चार पायांच्या चौकटीला धरून. मामानं त्यांना अक्षरशः उचलून गाडीतून उतरवलं.

"सासरी पाठवल्यासारखी रडतेय ही," मामा शांडीनकडे बघून म्हणाला. "अगं, आलेत ते, गेले नाहीत."

मासानीनं लापशी केली, मटणाच्या बरगड्या भाजल्या, मीठ घातलंच. चेईंनी सगळं खाल्लं, हाडं चोखली, आणि मग म्हणाले, "खुर्ची."

खुर्ची दाराशीच होती. ते बसले, पट्टीचा पाय पुढे सोडला आणि समोर पाहत राहिले. ऊन तापलं. मुंग्या आल्या नाहीत.

"मुंग्या कुठं गेल्या?"

मासानीनं शांडीनकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. शांडीननं सांगितलं. मामाचे दाणे, काचेची पेटी, अळ्या, चमचा, पवनचक्की, सगळं एका दमात. फळ्यासमोर बोलली होती तितक्याच भरभर, फक्त आवाज अगदी बारीक.

चेईंनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "पायासाठी केलंस?"

"तुमच्या पायाला कळलं नसतं, मुंगी चढली तर."

"पायाला कळत नाही." त्यांनी पायाकडे पाहिलं. "मला कळलं असतं. मी सगळा वेळ मुंग्यांकडेच बघत बसलेला असतो ना."

इतकं साधं होतं ते, आणि तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"रागावला नाहीत?"

"पवनचक्कीपर्यंत मला जाववणार नाही," चेई म्हणाले. "तू जाशील? शाळेच्या आधी. बघून ये, आहेत का, आणि माझा नमस्कार सांग."

ती दुसऱ्याच दिवशी पहाटे उठून गेली. वारूळ होतं, मुंग्या होत्या, ऊन यायला वेळ होता. ती थांबली. ऊन आलं. मातीवर माती होती, दगडावर दगड. ती वाकून वाकून शोधत राहिली, एकेका खड्याला शिंगं आहेत का बघत राहिली. मग बसची वेळ झाली.

चेई दाराशी बसले होते. ती दिसताच त्यांनी खुर्चीचे हात धरून अंग वर उचललं. "भेटले?"

त्या तोंडाकडे बघून 'नाही' कसं म्हणायचं? "भेटले," ती म्हणाली.

"खात होते?"

"खात होते."

चेई पुन्हा मागं टेकले. मग त्यांनी लापशीचा वाडगा ओढून घेतला आणि एकट्यानंच न्याहारी सुरू केली. पण जरा हसत, जणू पवनचक्कीखालीही आत्ता कुणी जेवायला बसलंय.

एकदा म्हटल्यावर पुढचं सोपं असतं. सोपं म्हणजे जिभेला. ती काही दिवस खरंच जाऊन शोधत होती. मग ओढ्यापर्यंत जाऊन परतू लागली. मग मेंढवाड्यामागं उभी राहून थोडा वेळ जाऊ द्यायची. पण बातम्या मात्र वाढत गेल्या, कारण चेईंना नुसतं 'होते' पुरायचं नाही. अंगावर भरलेत का? कातडी ताणली का? मोठ्या मुंग्या खातात की लहान? शांडीननं त्यांना जाड केलं. त्यांना एक नवा दगड दिला बसायला. एकदा तर तिनं त्यांना दुसरे एक शिंगवाले सोबतीला दिले, आणि चेई इतके हसले की मासानी बाहेर आली. मासानी तेव्हा शांडीनकडे जशी बघत उभी राहिली, ते शांडीनला दिवसभर वर्गात आठवत राहिलं. फळ्यावर काय चाललंय ते तिला दिसलं नाही. तक्त्याकडे तर ती बघतच नसे.

ऑक्टोबरात एका सकाळी मेंढ्यांच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. चेई आता दाराबाहेर बसत नव्हते, खुर्ची आत शेगडीपाशी आली होती. शांडीन हात चोळत आत शिरली.

"भेटले?"

"हो. दगडावर होते. नमस्कार सांगितला तुमचा."

"मुंग्या होत्या?"

"रांगच्या रांग. दोनतीन गिळताना पाहिलं मी."

चेईंनी शेगडीत एक लाकूड सारलं. ते पेटेपर्यंत बघत राहिले.

"ह्या थंडीत मुंग्या दार लावून घेतात," ते म्हणाले. "आणि शिंगवाले जमिनीत शिरतात. महिना होत आला असेल. वर माती ओढून घेतात, ते वसंतापर्यंत उठत नाहीत." आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. "तू रोज भेटतेस ते कोण मग? माझी ओळख नाही त्यांची."

शेगडीतलं लाकूड तडतडलं. मासानीनं विणकाम थांबवलं नाही, पण हात हळू झाला.

"खरे कधी दिसले होते?" चेईंनी विचारलं.

"सोडलं तेव्हा."

"खाल्लं का त्यांनी तिथं? एखादी तरी?"

हाच प्रश्न. इतके दिवस ती ह्याच्याच भोवती बातम्या रचत होती.

"माहीत नाही. मी थांबले नाही."

"का?"

"पुन्हा नसतं खाल्लं तर..." तिनं हात शेगडीपुढे धरले. "मला बघवलं नसतं. म्हणून मी वळले."

चेईंनी मान हलवली. त्यांचा पट्टीचा पाय शेगडीच्या फार जवळ गेला होता. शांडीननं तो दोन्ही हातांनी धरून अलगद मागे घेतला, कारण त्याला चटका कळला नसता.

"वसंतात मुंग्या दार उघडतील," ते म्हणाले. "तेव्हा जाऊन बस. ऊन वर येईपर्यंत बस. जे दिसेल ते येऊन सांग."

"आणि काहीच दिसलं नाही तर?"

"तर काही दिसलं नाही, असं सांग. मी ऐकेन."

शांडीन खाली बघत होती.

"काही दिसलं नाही, चेई," ती म्हणाली.

"आज?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी आपल्या पेल्यातली अर्धी कॉफी तिच्या पुढे केली. ती कोमट होती, बिनसाखरेची, आणि तिनं ती सगळी प्यायली.